शाळेपासून एक किलोमीटर

ब्रोशरच्या दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘नामांकित शाळा ५ मिनिटांवर’. धाकटी बहीण आणि तिचे यजमान पुण्याच्या कडेला नऱ्ह्यात टू बीएचके बघत होते. सॅम्पल फ्लॅट दोघांच्याही मनात भरला. हवा-उजेड चांगला, हप्ताही झेपणारा. टोकन देण्याआधी एकदा मुलीला घेऊन शाळेपर्यंत पायी जाऊन बघू, एवढा एकच हट्ट मी धरला.

जुलैतला मंगळवार, सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. साडेपाच वर्षांची भाची, तिच्या पाठीवर रिकामी सॅक, आमच्या हातात दोन छत्र्या. फोनवरच्या नकाशात शाळेचा ठिपका सरळ रेषेत जेमतेम सहाशे मीटरवर दिसत होता. पण मध्ये मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता आडवा. तो ओलांडायचा तर भुयारी मार्गापर्यंत मागे जायचे आणि पलीकडच्या सेवा रस्त्याने तेवढेच अंतर परत यायचे. भुयारात पोटरीएवढे पाणी. सेवा रस्त्याला पदपथ नाहीच. भाचीला मध्ये घेऊन, एक पुढे आणि एक मागे अशा आम्ही दोघी डंपरांचा अंदाज घेत चिखलाच्या कडेने चाललो. फाटकाशी पोचलो तेव्हा सात छत्तीस झाले होते. भाचीचा डावा बूट चिखलात रुतून निघाला होता, तो बहिणीच्या हातात होता. त्या फ्लॅटचा विषय तिथेच संपला.

त्याच आठवड्यात ‘एक किलोमीटर’ हे शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारची ९ फेब्रुवारीची शिक्षणहक्क (आरटीई) अधिसूचना रद्द केली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला. बातमी तेव्हा सर्वांनी वाचली. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांच्या बंधनातून सूट देणारा तो बदल होता. बहुतेकांनी हा गरिबांच्या प्रवेशाचा प्रश्न समजून पान उलटले. पण घर शोधणाऱ्या प्रत्येक आईबापाने हा निकाल लक्षपूर्वक वाचावा, असे मला वाटते. शाळा परिसरातली असावी, आणि परिसर म्हणजे मुलाच्या पायांना झेपेल एवढाच, हे तत्त्व २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे आणि ते या निकालाने टिकले. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे अंतर धरलेले आहे. सहा वर्षांचे मूल एक किलोमीटर चालू शकते, हे कायद्याने मानले. आपल्या वस्त्या मात्र त्या हिशेबाने बांधल्याच जात नाहीत.

हा हिशेब जुना आहे. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकी नियोजनकाराने १९२९च्या न्यूयॉर्क प्रादेशिक आराखड्यात ‘नेबरहूड युनिट’ची कल्पना मांडली. मला ती आजही विलक्षण वाटते. त्याने वस्ती आखायला सुरुवात केली ती प्राथमिक शाळेपासून. एका शाळेला पुरेल एवढीच लोकसंख्या, शाळा मध्यभागी आणि घरापासून तिथपर्यंतचे अंतर पाव ते अर्ध्या मैलाचे. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जायचे, पोटातून नाही. का, तर शाळेत जाणाऱ्या मुलाला वाहता रस्ता ओलांडावा लागू नये. नऱ्ह्यातला तो बाह्यवळण रस्ता पेरीच्या नकाशात वस्तीची हद्द ठरला असता. शाळा पलीकडे असती तर ती त्याने या वस्तीची मानलीच नसती.

आपल्याकडे कुणाचाही नकाशा न बघता पुण्याच्या पेठांनी हे साधले होते. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या मुलांना नूतन मराठी, भावे स्कूल, हुजूरपागा, न्यू इंग्लिश स्कूल पायाखाली होत्या. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांतली आमची पिढीही चालतच शाळेत गेली. सिडकोने नवी मुंबईत सेक्टर आखताना शाळांचे भूखंड वेगळे काढून ठेवले, म्हणून वाशी-नेरुळमध्ये आजही गणवेशातली पोरे रस्त्याने घोळक्याने जाताना दिसतात. पुण्याच्या कडेने जी वाढ झाली तिच्यात आधी टॉवर आले, मग पाण्याचे टँकर आणि सर्वांत शेवटी शाळा. शाळाही आली ती जमीन जिथे स्वस्त मिळाली तिथे, म्हणजे पुन्हा गावाबाहेर. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे या सगळ्यांची ही गोष्ट.

म्हणून घर घेणाऱ्याने ब्रोशर बाजूला ठेवून विकास आराखडा उघडावा. नगररचना विभागात उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याच इमारतीत राहतात. बहिणीला मी त्यांच्याकडे नेले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर आराखड्याचा नकाशा पसरला आणि तासभर तिला आरक्षणे वाचायला शिकवली. ‘पीएस’ म्हणजे प्राथमिक शाळा, ‘पीजी’ म्हणजे क्रीडांगण. त्यांचे म्हणणे असे की लोक सातबारा, सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू सगळे तपासतात, पण ते आपल्या इमारतीपुरते. आजूबाजूच्या जमिनींवर कशाचे आरक्षण आहे आणि ती जमीन आज कुणाच्या ताब्यात आहे, हे कुणीही विचारत नाही. झोन दाखला आणि भाग नकाशा अर्ज केला की महापालिकेत मिळतात. त्यासाठी ना ओळख लागते, ना मोठा खर्च.

नकाशावर आरक्षण दिसले म्हणजे शाळा होणार, असे मात्र नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ त्यांनी बहिणीकडून मोठ्याने वाचून घेतले. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. शाळेच्या जागेवर मग रीतसर इमारत उभी राहते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्यावरून त्याचे घड्याळ कुठवर आले ते मोजता येते. कडेच्या गावांत पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) २०२१चा आराखडा २०२४ मध्येही प्रारूपच होता, म्हणजे तिथल्या ‘पीएस’वर भिस्त ठेवून घर घेणे जोखमीचे. मोठ्या ले-आउटमधून पालिकेकडे येणाऱ्या ॲमेनिटी स्पेसवर तरी शाळा व्हावी, ही अपेक्षा. त्याच जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याच्या प्रस्तावावरून २०२१ मध्ये पुण्यात केवढा वाद पेटला होता, ते आठवत असेल.

परदेशातल्या नातेवाइकांमुळे आपल्याकडे आणखी एक गैरसमज पसरतो आहे. न्यू जर्सीत घर चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घेतले की तिथल्या सरकारी शाळेत मुलाचा हक्क तयार होतो. आपल्या खासगी शाळेच्या भिंतीला लागून फ्लॅट घेतला तरी असा कोणताही हक्क मिळत नाही. शाळेसाठी म्हणून चौरस फुटामागे जास्त मोजणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. प्रवेश मिळाला नाही, तर ते जास्तीचे पैसे भिंतीचेच झाले. शाळेची खातरजमाही आपली आपणच करायची. अकरा आकडी यूडायस क्रमांक विचारावा. त्यावरून वर्गखोल्या, शिक्षक, स्वच्छतागृहे यांची माहिती यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. सीबीएसईची पाटी असेल तर संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावे. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी काढतो, तीही वाचावी. कायद्यानुसार प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. फाटकावरच्या ‘इंटरनॅशनल’ या शब्दापेक्षा मी हा आकडा आधी विचारीन.

शाळा लांब असली की मग बस, व्हॅन आणि रिक्षाकाका. या माणसांविषयी मला फार आदर आहे. दप्तर, डबा, रडणारे मूल, सगळे ते सांभाळतात. पण सात वर्षांच्या मुलाचे रोजचे दोन तास रस्त्यात जातात आणि तो थकवा घरी आल्यावर दिसतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. शाळा पंधरा किलोमीटरवर असेल तर ती वाचलेली झोप बसच्या खिडकीशीच खर्च होते.

माझे म्हणणे स्पष्ट सांगते. पहिली ते चौथीची शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी आणि ती महापालिकेची असली तरी आत जाऊन बघावी. समाविष्ट गावांतल्या जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांना जी पटांगणे आहेत, तशी नव्या टॉवरांमधल्या शाळांना नाहीत. बहिणीने शेवटी धायरीत पंधरा वर्षांची जुनी इमारत पसंत केली. लिफ्ट कुरकुरते, क्लबहाउस नाही. शाळेपर्यंत नऊ मिनिटे, तीही भाचीच्या चालीने. वाटेत एकच रस्ता ओलांडायचा, तोही गल्लीतला.

आणि या एका किलोमीटरवर केवळ घर विकत घेणाऱ्यांचा हक्क नाही. २०२४ची आरटीई प्रवेशाची सोडत जूनमध्येच निघाली होती, पण कोर्टात प्रकरण असल्याने यादी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर लागली. तोवर दीड महिना हजारो घरे मुलांचे काय होणार या घोरात होती. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका पार्किंगच्या मागच्या खोलीत राहतात. त्यांची धाकटी मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. समोरची खासगी शाळा त्यांच्या खोलीपासून चारशे मीटरवर आहे. पाच वर्षे ते त्या शाळेच्या बसला रोज सकाळी फाटक उघडून देत आहेत. मुलीचा जन्मदाखला आहे, जातीचा दाखला आहे. पत्त्याचा पुरावा तेवढा नाही, कारण खोली सोसायटीची आणि करार कसलाच नाही. आरटीईच्या अर्जाला भाडेकरूचा करार नोंदणीकृत लागतो, आणि तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपुढे मी विषय दिला आहे: वॉचमन काकांच्या नावे खोलीचा अकरा महिन्यांचा करार करावा, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सोसायटीने द्यावा. सचिवांनी तो विषयपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर घेतला आहे.