वळिवड्याचा पोलिश मुक्काम

पुण्याहून निघालेला महामार्ग सारोळ्याला नीरा ओलांडतो आणि शिरवळ, सातारा, कराड करत कोल्हापूर गाठतो. कोल्हापूरच्या शेजारीच वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं.

इतक्या दूर त्या आल्या कशा? १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. सोव्हिएत सत्ता आणि पोलिश सरकार यांच्यातल्या जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर त्यांतली बरीच जणं १९४२ मध्ये इराणात पोचली. सैनिक पुढे इटलीत माँटे कॅसिनोला लढले. बायका-मुलांची रवानगी हिंदुस्थानात झाली.

छावणीच्या खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची. पैशापेक्षाही तो कसा दिला गेला, हे पाहण्यासारखं आहे. एकाच भटारखान्यापुढे सगळ्यांना ताटं घेऊन उभं करण्याऐवजी कुटुंबांना राहायला खोल्या, स्वतःची चूल आणि खर्चाला भत्ता दिला गेला. बाजारहाट बायकाच करत. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं उभं राहिलं. मुलींची शाळा बुडाली नाही, हे या मदतीचं सर्वांत मोठं यश म्हणावं लागेल.

मग राजकारण आडवं आलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनचं सरकार कागदावरून उडालं. खर्च आधी ब्रिटिशांनी उचलला, नंतर ‘अन्रा’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने. पण परतायचं कुठे? अनेकींची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही जणी पोलंडला गेल्या, बऱ्याच जणी ब्रिटनला, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत.

वॉर्सात आता कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे फुलं वाहिली. वळिवड्याच्या बराकींत मात्र पोलिश गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. त्या वसाहतीचं गांधीनगर झालं, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतली माणसं आज तिथल्या कापडबाजारात जातात.