कापूस वावरात, हमीभाव मोबाईलात

गडचांदूर : कापूस वेचला, गाडीत भरला आन् जिनिंगवर नेऊन मोजला, ते दिवस गेले. 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते. आधार, सातबारा आणि त्या सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा. नोंदणी मंजूर झाली की स्लॉट, स्लॉट मिळाला की गाडी.

यातली खरी गाठ सातबाऱ्यावरच्या पेऱ्याची आहे. तो चढतो ई-पीक पाहणीतून. 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून फोटो काढायचा असतो. ॲप लोकेशन पाहते, घरच्या ओट्यावरून फोटो चालत नाही. रेंज नसली, सर्व्हर बसला, मुदत निघून गेली, तर वावरात कपाशी कमरेएवढी असली तरी कागदावर जमीन कोरीच. मग सीसीआय कोणत्या पेऱ्यावर कापूस घेणार? खरेदीलाही एकरी मर्यादा आहे. म्हणजे पाच एकराऐवजी चुकून दोन एकर टाकले, तर तीन एकरांचा कापूस व्यापाऱ्याच्याच घरी जाणार. चूक दुरुस्त करायला फक्त 48 तास मिळतात.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये होता, मध्यम धाग्याचा 7710. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, वर गेला की कपात, 12 च्या वर गेला तर गाडी परत. खुल्या बाजारात क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले, तर 20 क्विंटलवर 20 हजार गेले. वर्षभराचा किराणा झाला तो!

बाजार पडायला सरकारचाही हात लागला. 19 ऑगस्ट 2025 ला केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. विदेशी गाठीला ना फोटो लागतो, ना ओटीपी. कागद मागायचे ते फक्त कोरपन्याच्या शेतकऱ्याला.

ॲपच वाईट, असं म्हणता येणार नाही. पूर्वी शेतकऱ्याच्या नावावर व्यापारीच कापूस खपवायचे, त्याला यानं आळा बसतो. पैसेही आधार जोडलेल्या खात्यात जातात. पण मक्त्यानं वावर करणाऱ्याचं काय? सातबारा मालकाचा, घाम याचा. पैसे काढून देईपर्यंत मालकाच्या दारी चकरा.

आणि पहाडावर, जिवती तालुक्यात, तर अनेकांकडे सातबाराच नाही. कोलाम, गोंड आणि दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं कित्येक वर्षांपासून तिथं कपाशी पेरतात, पण बरीच जमीन कागदावर वन आहे. वनहक्क कायद्यात बिगर आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. तो कुठून आणणार? महाराष्ट्र-तेलंगणाच्या वादातली 14 गावंही याच तालुक्यात. तिथला माणूस दोन्ही राज्यांत मतदान करतो, पण ॲपात टाकायला अनेकांकडे गट नंबर नाही.

अशांसाठी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामपंचायतीनं वावर पाहून दिलेला दाखला खरेदी केंद्रावर चालायला पाहिजे, आन् तोही हंगाम संपेपर्यंत. ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांनी मात्र फोटो काढला म्हणून निवांत बसू नये. उतारा काढून कापूस चढला का, किती एकर चढला, ते वेचणीच्या आधीच पाहून घ्यावं.