फुले विकणे : तोआ पायोहच्या एका दुकानातून

आपल्या मंडळात कोण काय करते असे विचारले, तर उत्तरे साधारण ठरलेली असतात. बँक, सॉफ्टवेअर, जहाज कंपनी, विद्यापीठ, नाहीतर औषध कंपनी. त्यामुळे गेले वर्षभर दर शनिवारी मी तोआ पायोहमध्ये एका फुलांच्या आणि कुंड्यांच्या दुकानात विक्रेती म्हणून काम करते हे कळल्यावर बऱ्याच जणांना वाटले की माझी नोकरी गेली. नोकरी शाबूत आहे. सोमवार ते शुक्रवार मी प्रोग्रॅमच लिहिते. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर विचारले, "अगं, इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करून फुलं विकतेस?" त्यांना तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. हा लेख म्हणजे त्याच उत्तराचा विस्तार समजा.

तोआ पायोह हे नाव होक्किएन भाषेतले. 'तोआ' म्हणजे मोठे आणि 'पायोह' म्हणजे दलदल. १९६० च्या दशकात गृहनिर्माण मंडळाने येथे वसाहत उभारायला घेतली, तोपर्यंत इथे भाजीचे मळे, डुकरे पाळणारे शेतकरी आणि झोपड्या होत्या. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरची पहिली मेट्रो धावली तिचे एक टोक तोआ पायोहच होते. इथले रहिवासी जुने, बरेचसे आता वयस्क, आणि त्यांच्या घरात देव्हारा आहे. फुलांच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळते ते प्रथम या देव्हाऱ्यामुळे. व्हॅलेंटाइन डे वगैरे नंतरची गोष्ट.

आपल्याकडच्या फुलबाजाराची सवय असलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो मोजण्याच्या पद्धतीचा. दादरला किंवा पुण्यात गुलटेकडीला फुले सुटी मिळतात, किलोवर, पावशेरावर. दारोदार येणारी फुलपुडीही सुट्या फुलांचीच. देवाला वाहायचे तर दांडी हवी कशाला? इथे सगळा व्यवहार दांडीचा. गुलाब एक दांडी, शेवंती एक जुडी, ऑर्किड दहा दांड्या. सुटे फूल पुडीत बांधले की दिवसभर टिकले तरी पुरते. दांडीचे फूल आठवडाभर जिवंत ठेवायचे असते. विक्रेत्याचे निम्मे काम या फरकातून निघते, आणि ते विक्रीचे नसून शुश्रूषेचे असते.

सकाळी माल उतरतो. शेवंती बहुधा मलेशियातल्या कॅमेरॉन हायलंड्सची, साधारण दीड हजार मीटर उंचीवर पिकलेली आणि रात्रभर ट्रकने आलेली. ऑर्किड थायलंडचे. गुलाब केनिया, इक्वेडोर, चीनमधल्या कुन्मिंगचे, कधी भारतातले. (आपल्या मावळातले गुलाबही फेब्रुवारीत परदेशी जातात, पण आमच्या दुकानात ते अजून तरी मला भेटलेले नाहीत.) प्रत्येक दांडी तिरकी कापायची, पाण्याखाली बुडणारी पाने काढायची, गुलाबाचे काटे ओरबाडायचे आणि लगेच पाण्यात ठेवायचे. दांडी कोरडी राहिली तर तिच्या नळ्यांत हवा शिरते आणि मग पाणी वर चढत नाही. पाण्यात राहिलेले पान कुजते, जिवाणू वाढतात आणि त्याच नळ्या बुजतात. गुलाबाने मान टाकली की लोक म्हणतात फूल शिळे होते. बरेचदा ते तहानेने मेलेले असते.

थंडपेटीचेही शास्त्र आहे. गुलाबाला दोन ते पाच अंश तापमान मानवते, कारण थंडीत त्याचा श्वासोच्छ्वास मंदावतो आणि साठवलेली साखर पुरते. पण अँथुरियम किंवा हेलिकोनिया यांसारखी उष्ण प्रदेशातली फुले तिथे ठेवली तर काळी पडतात. म्हणून ती बाहेरच्या बादल्यांत. आणि फळे कधीही फुलांजवळ नको. पिकलेल्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, आणि त्याने कार्नेशन व ऑर्किड झपाट्याने कोमेजतात. दुकानाच्या मालकीणबाईंना, ज्यांना आम्ही सगळे 'आंटी' म्हणतो, इथिलीन हा शब्द माहीत नाही, पण मी पहिल्या दिवशी डब्याबरोबर केळे आणले तेव्हा त्यांनी ते उचलून थेट मागच्या खोलीत नेऊन ठेवले.

आता खरा प्रश्न : किती माल मागवायचा? माझ्या विषयात याला पेपरविक्याचा प्रश्न म्हणतात. उद्या किती पेपर खपतील हे ठाऊक नाही आणि संध्याकाळी उरलेला पेपर रद्दी. समजा, गुलाबाची दांडी १ डॉलरला पडते आणि ३ डॉलरला जाते. एक दांडी उरली तर १ डॉलर बुडाला. एक कमी पडली तर २ डॉलरचा नफा हुकला. गणित सांगते की २ भागिले ३, म्हणजे दोन तृतीयांश, इतक्या वेळा मागणी भागेल एवढाच माल घ्यावा. तीन दिवसांतून एकदा गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाणे हे नीट चालवलेल्या दुकानाचे लक्षण आहे! सोळा वर्षे मोठमोठ्या यंत्रणांसाठी असली समीकरणे सोडवली, पण त्याचा अर्थ अंगाला कधी लागला नव्हता.

याहून मौज १४ फेब्रुवारीची. बाहेरच्या माणसाला वाटते, त्या दिवशी दुकानदार लुटतात, तेव्हा हवा तेवढा माल भरत असतील. पण घाऊक बाजारातही भाव चढलेला असतो. समजा, दांडी २ ला पडली आणि ४ ला विकली. आता उरली तरी २ बुडणार, कमी पडली तरी २ हुकणार. गुणोत्तर निम्म्यावर आले. म्हणजे धंदा सर्वात जोरात असतो त्या दिवशी दुकानदाराने उलट जपून मागवायला हवे. आंटी नेमके हेच करतात : आगाऊ नोंदणी घेतात आणि वरकड फारच थोडी ठेवतात. मी कागदावर समीकरण मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मला बादल्या धुवायला सांगितले.

चिनी नववर्षाला तर हे आणखी कडक होते. त्या दिवसांत लहान संत्र्यांनी लगडलेली झाडे, पीचच्या फांद्या आणि चंदेरी बोंडांची विलोची काटकी खपते, कारण त्यांच्या नावांचे उच्चार चिनी भाषेत 'शुभ' आणि 'चांदी' यांच्या जवळ जातात. सण संपल्यावर तेच झाड फुकटही कोणी नेत नाही. आपल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा झेंडू आठवा.

दुकानातले पंचांग चिनी असले, तरी आपल्याला ते परके वाटत नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी देव्हाऱ्यासाठी फुले न्यायला म्हाताऱ्या बायका सकाळीच येतात. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, त्यामुळे पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आगेमागे पडतो. मी कालनिर्णय बघून सांगते की उद्या गर्दी होणार, आणि ते खरे ठरते.

मात्र एक गोष्ट आपल्या लोकांनी जरूर लक्षात ठेवावी. पांढरी आणि पिवळी शेवंती आपण हौसेने देवाला वाहतो, वेणीत माळतो. चिनी घरांत ती देव्हाऱ्यावर चालते, पण माणसाला भेट म्हणून देऊ नये. अंत्यसंस्काराला आणि एप्रिलच्या सुरुवातीला चेंग बेंगच्या वेळी पितरांच्या थडग्यांवर तीच वाहतात. आजारी सहकाऱ्याला भेटायला जाताना पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ मागणारे आपले बांधव मी पाहिले आहेत. अशा वेळी विक्रेत्याने "दुसरे काही बघू या का?" असे विचारायचे असते, कारण न सांगता. चार दांड्याही देऊ नयेत. चार या आकड्याचा उच्चार मृत्यूसारखा आहे.

कुंड्यांचा विभाग माझ्याकडे आहे, आणि तिथे माझे शिक्षण थोडेफार उपयोगी पडते. तुळस जगत नाही ही आपल्या बायकांची नेहमीची तक्रार. पाणी, खत सगळे नीट. तरी रोप लांबुडके होते आणि मरते. मी पहिल्यांदा विचारते, गॅलरी कुठल्या दिशेला आहे? सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा-दीड अंश उत्तरेला आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो, उरलेला काळ दक्षिणेकडे. इथल्या बऱ्याच इमारती ऊन टाळण्यासाठी मुद्दाम उत्तर-दक्षिण बांधल्या आहेत. म्हणून उत्तरेच्या गॅलरीतली तुळस नेमकी कार्तिकात, तिच्या लग्नाच्या वेळी, सावलीत असते. उपाय सोपा आहे : दोन कुंड्या ठेवा, एक पुढे, एक मागे, किंवा वर्षातून दोनदा तुळशीचे घर बदला.

दुसरा प्रश्न, कुंडीतली शेवंती पुन्हा का फुलत नाही. शेवंतीला कळी धरायला सलग लांब रात्र लागते. म्हणूनच बागाईतदार कळी नको असेल तेव्हा मध्यरात्री दिवे लावतात. आपण कुंडी कॉरिडॉरमध्ये ठेवतो आणि तिथला दिवा रात्रभर चालू! त्यात इथल्या उष्म्याने कळी आणखी लांबते. नाताळात घेतलेले पॉइन्सेटिया पुढच्या वर्षी हिरवेच राहते, त्याचेही कारण हेच. कॉरिडॉरमध्ये कुंड्या ठेवताना १.२ मीटर वाट मोकळी हवी, हा अग्निशमन खात्याचा नियम आहे. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी नको. आठवडाभरात त्यात डेंग्यूचा डास तयार होतो, तपासनीस आले तर घरमालकाला २०० डॉलर दंड. मी ताटली विकतच नाही. मागितलीच तर हे सगळे ऐकवून मग देते.

आता थोडे कडू. आपल्यातल्या कितीतरी बायका उच्चशिक्षित असून घरी बसल्या आहेत, आणि मला विचारतात की असे काम त्यांना मिळेल का. २०२१ च्या १ मेपूर्वी डिपेंडंट पासवर आलेल्या पत्नीला, किंवा पतीला, मालकाने संमतिपत्र काढले की नोकरी करता येत असे. आता त्यांना स्वतःचा कामाचा पास लागतो. दुकानातल्या विक्रीसाठी वर्क परमिट ज्या देशांच्या नागरिकांना मिळते त्यांत भारत नाही. राहतो एस पास, आणि त्यासाठी सप्टेंबर २०२५ पासून कमीत कमी ३३०० डॉलर पगार हवा. याउलट किरकोळ विक्रीतल्या साध्या मदतनिसाचे किमान वेतन, म्हणजे परदेशी कामगार ठेवणाऱ्या आस्थापनांनी इथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना द्यायचे ते, सप्टेंबर २०२२ मध्ये १८५० आणि सप्टेंबर २०२४ मध्ये २१७५ डॉलर होते. लहान दुकान ही दरी कशी भरून काढणार? मी कायम रहिवासी आहे म्हणून मला हा शनिवार परवडतो. ज्यांना पैशाची आणि घराबाहेर पडण्याची माझ्यापेक्षा अधिक गरज आहे, त्यांच्यासाठी हे दार जवळजवळ बंद आहे. काम हलके की भारी ही चर्चा आपण मंडळात चवीने करतो, पण ती करण्याचा अधिकार ज्यांना निवड आहे त्यांनाच आहे.

आणि काम हलके नाहीच. आठ तास उभे राहायचे. हात सदैव ओले, बोटांना काट्यांचे ओरखडे. कोणी खालच्या मोकळ्या मजल्यावर मयताचा मंडप पडला म्हणून पुष्पचक्र मागायला येतो, त्याच्या पाठोपाठ नव्या दुकानाच्या उद्घाटनासाठी लाल फुलांचा स्टँड हवा असतो. दोघांशी एकाच आवाजात बोलून चालत नाही. मला मॅंडरिन बेताचेच येते, पण शोक करणाऱ्याला भाव आधी सांगू नये, आधी फुले दाखवावीत, हे आंटींकडे नुसते बघूनच शिकले.

जाता जाता गणपतीविषयी, कारण ऑगस्टमध्ये हाच प्रश्न सर्वात जास्त येतो. जास्वंद हवी म्हणून उद्यानातली तोडू नका, विनापरवाना तोडणे हा गुन्हा आहे. आमच्याकडे कुंडीतली मिळते. दूर्वा मात्र आमच्याकडे नाहीत. इमारतीखालच्या हिरवळीवरचे रुंद पात्याचे गवत म्हणजे दूर्वा नव्हेत, ते वेगळेच गवत आहे. लिटल इंडियात हारवाल्यांकडे जा आणि तमिळमध्ये 'अरुगमपुल' मागा. तमिळ लोकही पिळ्ळैयारला तीच वाहतात. चार दिवस आधी सांगून ठेवलेले बरे.