मर्यादवेलीचे बीज

यमुनेकाठी वसलेल्या नोएडातील मराठी कुटुंबांना वाळू नवी नाही. परंतु ती गोड्या पाण्याची वाळू. हीच मंडळी मे महिन्याच्या सुटीत कोकणात उतरतात, तेव्हा किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर पसरलेली, जांभळ्या फुलांची एक वेल त्यांच्या दृष्टीस पडते. समुद्राची मर्यादा दर्शविणारी म्हणून ती मर्यादवेल. तिची पाने शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली असतात.

अशा वाळूत बीज रुजणे सोपे नव्हे. दुपारी वाळू पाय ठेववणार नाही इतकी तापते. पडलेले पाणी कणांमधून झरझर खाली जाते आणि वर उरतात ते क्षार. मातीतील पाणी खारट असले की बीजाला ते शोषून घेता येत नाही. ओलावा असूनही बीज तहानलेलेच राहते. त्यात वाऱ्याची भर. आज उघडे पडलेले बीज उद्या वीतभर खोल गाडले जाते आणि कोंब प्रकाशापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यातील शिधा संपतो.

मर्यादवेलीच्या बोंडात साधारणतः चार बिया असतात, तपकिरी लव असलेल्या आणि अतिशय टणक. कवचातून पाणी आत शिरत नाही, म्हणून त्या समुद्रावर महिनोन्‌महिने तरंगूनही जिवंत राहतात. चार्ल्स डार्विनने ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवून पाहिल्या होत्या. २८ दिवसांनंतरही त्यांपैकी ६४ प्रकार रुजले, असे त्याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. मर्यादवेल तर याच कसोटीवर जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पोहोचली.

किनाऱ्याला लागल्यावर मात्र तेच कवच अडसर ठरते. वाळूच्या घर्षणाने ते झिजावे लागते. प्रत्येक बीचे कवच एकाच वेळी झिजत नाही, म्हणून सर्व बिया एकदम रुजतही नाहीत. निरनिराळ्या मुदतींच्या ठेवी ठेवणाऱ्या खातेदाराला यातील शहाणपण वेगळे सांगावयास नको! मृगाच्या सरींनी वरचे क्षार धुऊन निघाले की रोप वर येते. पुढे वेलीच्या पेराापेरांतून मुळे फुटतात, उडती वाळू तिच्यापाशी अडते आणि हळूहळू टेकडी उभी राहते. स्पिनिफेक्स नावाचे काटेरी गवतही हेच काम करते. त्याची काटेरी गोलाकार फळे वाऱ्यासवे किनाऱ्यावर घरंगळत जातात.

या टेकड्या उधाणाच्या लाटा थोपवितात. २०११ व २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनांनी त्यांना अतिसंवेदनशील वर्गात स्थान दिले, ते योग्यच झाले. तरीही पर्यटकांची वाहने थेट वाळूवर उतरतात आणि पावसाळ्यात नुकतीच वर आलेली रोपे चाकाखाली जातात. ती ओळखणे मुळीच कठीण नाही: पहिली दोन दलेच प्रत्येकी मधोमध दुभंगलेली असतात आणि वाळूवर ती चार हिरव्या पाकळ्यांसारखी दिसतात.