मुखवटा नसलेला मेझेत्तिनो

व्यक्तिचित्राने माणसाचा एक चेहरा कायमचा पक्का करायचा असतो. पण ज्याची सारी कमाईच चेहरा बदलण्यावर आहे, त्या विनोदी नटाचं काय करायचं? १६९४ साली पॅरिसमध्ये कॉर्नेलिस व्हर्मूलेन या अँटवर्पच्या कोरीवकाराने तांब्याच्या पत्र्यावर असाच एक नट कोरला. त्याचं नाव आंजेलो कोस्तांतीनी, वेष मेझेत्तिनोचा. मूळ चित्र फ्रान्स्वा द त्र्वा याचं.

कोस्तांतीनी व्हेरोनाचा. १६८३च्या सुमारास तो पॅरिसच्या इटालियन नाटक कंपनीत आला. या कंपनीच्या खेळात पात्रं ठरलेली असत. तमाशातला सोंगाड्या जसा वगागणिक नवा असूनही ओळखीचा वाटतो, तशी. आर्लेकीनोसारखी पात्रं चामड्याचा मुखवटा घालत. मेझेत्तिनो हा प्रेमप्रकरणांत लुडबुड करणारा, गाणारा-बजावणारा लबाड नोकर. कोस्तांतीनीने तो उघड्या चेहऱ्याने रंगवला आणि त्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख दिला.

आता कोरीवकाराची अडचण पाहा. त्याच्याकडे लाल रंग नाही. आहे फक्त पोलादी कोरणी आणि तांबं. कोरणीवर जोर दिला की रेघ रुंद होते, हात हलका केला की बारीक. चरांत शाई भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा; मग चरांतली शाई कागदावर उतरते. छाप उलटी येत असल्याने कोरतानाच डावं-उजवं सांभाळावं लागतं. गालाचा मऊपणा आणि कापडाची चुणी, दोन्ही रेघांच्याच दाटी-विरळीतून उभी करायची. अशा चित्रात पट्ट्यांचा पोशाख कामाला येतो: रंग गेला, तरी पट्टे राहतात आणि पात्र ओळखू येतं. ओळख पटवायचं काम कपड्यांनी उचललं, की चेहऱ्याला हावभाव करावे लागत नाहीत. तो माणसाचा चेहरा म्हणून राहू शकतो.

असा मान नटाला मिळणं साधं नव्हतं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६०च्या फर्मानाने कोरीवकामाला कारागिरांच्या संघाच्या जोखडातून सोडवून कलेचा दर्जा दिला होता. मंत्री, बिशप, सरदार यांची व्यक्तिचित्रं याच तंत्राने छापली जात. त्याच पॅरिसमध्ये १६७३ साली नाटककार आणि नट मोलिएरचं दफन मात्र रात्रीच्या अंधारात उरकावं लागलं, कारण चर्चच्या लेखी नट बहिष्कृत होता. कोस्तांतीनीच्या चित्राखाली तर कवी ला फाँतेनच्या ओळी आहेत. त्या नटाला प्रोटिअसची, म्हणजे हवं ते रूप घेणाऱ्या ग्रीक सागरदेवाची उपमा देतात. वर स्थिर चेहरा आणि खाली सततच्या रूपांतराची स्तुती: जे रेघेला दाखवता येत नव्हतं, ते शब्दांवर सोपवलं गेलं.

१६९७ साली राजाने इटालियन कंपनीला हाकलून दिलं. राजाची गुप्तपणे लग्न केलेली पत्नी मादाम द मँतनाँ हिच्यावर एका नाटकात टोमणे होते, असं त्याचं कारण सांगितलं जातं. राजा १७१५ साली वारला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इटालियन नट पुन्हा आले. त्यानंतर काही वर्षांत चित्रकार वातोने गिटार वाजवणारा मेझेत्तिनो रंगवला. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. वातोचा मेझेत्तिनो जास्त प्रसिद्ध आहे, पण तो पोशाख कुणालाही चढवता येतो. व्हर्मूलेनने पोशाखाबरोबर तो पहिल्यांदा घालणारा माणूसही कोरून ठेवला.