मजुराचा जमाखर्च आणि सार्वत्रिक आरोग्यसेवा

मोल देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही नागरिकास योग्य उपचारांपासून वंचित राहावे लागू नये, हे तत्त्व भारतात नवीन नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये सादर केलेल्या अहवालात ते स्पष्टपणे मांडले होते. त्यानंतरच्या सात-आठ दशकांत सर्वांसाठी आरोग्यसेवेच्या अनेक योजना पुढे आल्या आणि त्यांपैकी काही अंमलातही आल्या. या योजनांची चर्चा बहुधा शासनाच्या अंदाजपत्रकाच्या अंगाने होते. किती कोटी रुपये लागतील आणि ते कोठून येतील, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु त्याला लागूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्याची मिळकत दिवसाच्या मजुरीवर अवलंबून आहे, त्याच्या घरखर्चावर अशा योजनेचा नेमका परिणाम काय होतो? राजस्थानची राजधानी जयपूर हे या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे ठिकाण आहे. कारण गेल्या काही वर्षांत या राज्यात आरोग्यसेवेच्या निरनिराळ्या पद्धती एकापाठोपाठ अवलंबिल्या गेल्या.

आजाराचे चार खर्च

आजारपणामुळे कुटुंबावर पडणारा बोजा चार प्रकारचा असतो. पहिला म्हणजे आजार येण्यापूर्वीच द्यावी लागणारी वर्गणी, विम्याचा हप्ता किंवा कर. दुसरा म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घ्यावयाच्या उपचारांचा, म्हणजे तपासणी, औषधे व चाचण्या यांचा खर्च. तो लहान असतो, पण वारंवार येतो. तिसरा म्हणजे शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील वास्तव्याचा खर्च. तो क्वचित येतो, पण आला म्हणजे घर बुडवितो. चौथा म्हणजे बुडालेली मजुरी. कोणत्याही शासकीय तक्त्यात हा चौथा खर्च सहसा दिसत नाही. मजुराच्या घरी मात्र प्रथम जाणवतो तो हाच.

जयपुरातील श्रमिकांचे व्यवसाय लक्षात घेतले, तर या चौथ्या खर्चाचे महत्त्व कळून येते. रत्नांना पैलू पाडणे व घासून चकाकी आणणे हा या शहराचा जुना धंदा आहे. तो बहुतांशी लहान कारखान्यांत किंवा कारागिरांच्या घरीच चालतो आणि मोबदला नगावर मिळतो. सांगानेर व बगरू येथील कापडछपाई, संगमरवराचे कोरीवकाम, गालिचे, बांधकाम आणि हमाली ही कामेही अशीच आहेत. बांधकामाचे मजूर पहाटेपासून नाक्यांवर जमतात. तेथे सकाळी मागणी झाली तर काम, नाही तर दिवस फुकट. या माणसांना पगारी रजा ठाऊक नाही.

राजस्थानात 2023 मध्ये लागू झालेल्या किमान वेतनाच्या दरांनुसार अकुशल कामगारास दिवसाला 285 रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांच्या महिन्याला 7,410 रुपये मिळावयाचे होते. पुढील हिशेबांसाठी हाच दर धरला आहे. प्रत्यक्षात कोणाची मिळकत याहून अधिक असेल, कोणाची कमी. पण कायद्याने मान्य केलेला तळ म्हणून हा आकडा उपयोगी पडतो.

वर्गणीची वाट

कामगारांच्या आजारपणाची तरतूद त्यांच्याच वेतनातून करण्याची पद्धत जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, 1883 मध्ये सुरू झाली. तेथे वर्गणीचे दोन भाग कामगार देई व एक भाग मालक. भारतात 1948 च्या कायद्याने राज्य कामगार विमा योजना उभी राहिली, तिचेही मूळ याच कल्पनेत आहे. मात्र येथे भार मालकावर अधिक ठेवण्यात आला. 1 जुलै 2019 पासून कामगाराच्या वर्गणीचा दर वेतनाच्या 0.75 टक्के व मालकाचा 3.25 टक्के असा ठरला. त्याआधी, 2017 च्या आरंभी, योजनेत येण्यासाठी वेतनाची मर्यादा महिन्याला 21,000 रुपये करण्यात आली होती.

7,410 रुपये मिळविणाऱ्या कामगाराच्या वेतनातून या दराने महिन्याला सुमारे 56 रुपये जातात. मालक सुमारे 241 रुपये भरतो. या मोबदल्यात कामगारास व त्याच्या कुटुंबास उपचार मिळतात. शिवाय अन्य कोणत्याही आरोग्ययोजनेत सहसा न आढळणारी एक गोष्ट येथे मिळते, ती म्हणजे आजारपणाच्या काळात वेतनाच्या 70 टक्के इतका रोख भत्ता, वर्षातून 91 दिवसांपर्यंत. हिवतापाने महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी चूल पेटती राहते ती अशा भत्त्यामुळे. मात्र आजारपणाचे पहिले दोन दिवस सामान्यतः भत्त्याविना जातात. त्यामुळे तीन दिवसांच्या तापात विमेदाराच्या हाती एकाच दिवसाचा भत्ता येतो.

अशा या योजनेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेली आस्थापना, नोंदलेला मालक आणि नोंदलेले वेतन, एवढे असल्याशिवाय वर्गणी गोळा होत नाही. सीतापुरा औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे, त्याला या योजनेचे दार उघडे असते. घरी बसून माणकाला पैलू पाडणाऱ्या कारागिराला किंवा नाक्यावरील बिगाऱ्याला ते बंद राहते. ज्याची मिळकत सर्वांत अनिश्चित, तोच विम्याबाहेर राहावा, हा वर्गणीवर आधारलेल्या व्यवस्थेचा जुना दोष होय.

मोफत औषधाची वाट

वर्गणी गोळा न करता शासनाने आपल्या तिजोरीतून थेट सेवा पुरवावी, ही दुसरी पद्धत. ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा आरंभ केला तो याच तत्त्वावर. राजस्थानाने या दिशेने टाकलेले महत्त्वाचे पाऊल म्हणजे 2 ऑक्टोबर 2011 रोजी सुरू झालेली मोफत औषध योजना. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राजस्थान वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधे व्यापारी नावाने विकत घेण्याऐवजी मूळ रासायनिक नावाने, मोठ्या प्रमाणावर, निविदा मागवून खरेदी करावयास सुरुवात केली. त्यांची गुणवत्ता तपासून ती जिल्ह्याच्या गोदामांतून शासकीय रुग्णालयांत पोहोचविली जाऊ लागली. 7 एप्रिल 2013 पासून चाचण्याही विनामूल्य करण्यात आल्या.

भारतात बाह्यरुग्णांच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग औषधांचा असतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला गोळ्या रोज लागतात आणि त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. हा खर्च महिन्याला तीनशे रुपये आला असे धरले, तरी वर्षाचे 3,600 रुपये होतात. 285 रुपये रोजाने ही साडेबारा दिवसांची कमाई झाली. ती वाचली तर कुटुंबाच्या जमाखर्चात पडणारा फरक लहान म्हणता येणार नाही. शिवाय हा लाभ मिळण्यासाठी ओळखपत्राची पडताळणी, पात्रतेची यादी किंवा मालकाची सही यांची फारशी मातब्बरी नसते. जो दारात येतो त्याला औषध मिळते.

तरीही विनामूल्य सेवेला एक किंमत असते, आणि ती वेळाची असते. सवाई मानसिंग रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थेत राज्यभरातून रुग्ण येतात. तेथे नोंदणीची रांग, तपासणीची रांग आणि औषधाची रांग अशा तीन रांगांत सकाळ निघून जाते. नाक्यावरची मागणी त्याच सकाळच्या वेळी होत असल्यामुळे मजुराचा अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस बुडतो. 285 रुपये बुडवून मोफत औषध आणण्यापेक्षा गल्लीतील खाजगी दवाखान्यात शंभर-दीडशे रुपये देऊन संध्याकाळी सुई टोचून घेणे त्याला परवडते. त्याच्या या वागण्याला अज्ञान म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यामागे साधी बेरीज-वजाबाकी असते. 2019 च्या अखेरीस जयपुरात वस्तीपातळीवरील जनता क्लिनिके उघडण्यास सुरुवात झाली, तिचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. दवाखाना घराजवळ आणि कामाच्या वेळेबाहेर उघडा असणे हीदेखील एक प्रकारची आर्थिक मदतच होय.

विमापत्राची वाट

तिसरी पद्धत शासनपुरस्कृत विम्याची. 2015 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या भामाशाह योजनेत सामान्य आजारासाठी 30,000 रुपये व गंभीर आजारासाठी 3 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. 1 मे 2021 रोजी चिरंजीवी योजना आली. तिची मर्यादा प्रथम 5 लाख रुपये होती; ती 2022 मध्ये 10 लाख व 2023 मध्ये 25 लाख रुपये झाली. अन्नसुरक्षा योजनेतील कुटुंबे, लहान शेतकरी, कंत्राटी कर्मचारी आदींचा हप्ता शासन भरी. इतरांनी वर्षाला 850 रुपये भरून सहभागी व्हावयाचे होते. 2024 मध्ये योजनेचे नाव बदलून मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना असे झाले.

रुग्णालयात दाखल होणे ही गरिबाच्या घरी किती मोठी आपत्ती असते, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 मधील फेरीवरून दिसते. शहरी भागात एका वेळच्या दाखल उपचारांचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात 4,837 रुपये, तर खाजगी रुग्णालयात 38,822 रुपये आढळला. नंतरच्या, म्हणजे 2023 च्या किमान वेतनाने मोजले, तरी दुसरी रक्कम पाच महिन्यांच्या पूर्ण कमाईहून अधिक भरते. असा खर्च बचतीतून भागत नाही. त्यासाठी सावकार, दागिना किंवा गावाकडचा जमिनीचा तुकडा यांचाच आधार घ्यावा लागतो. विमा हे संकट टाळतो, आणि म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

पण येथेच दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. चिरंजीवी योजनेचा वर्षाचा हप्ता 850 रुपये होता. तीन दिवसांच्या तापाने बुडणारी मजुरी 855 रुपये होते. म्हणजे कुटुंबाला वर्षभराच्या विम्यासाठी जितके मोजावे लागे, तितकेच एका साध्या तापाने हातचे जाते, आणि विमा त्यातील एक रुपयाही भरून देत नाही. विम्याची मर्यादा पाच लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली, तेव्हा हृदयाची किंवा यकृताची अवघड शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या थोड्या कुटुंबांना मोठा आधार मिळाला. बाह्यरुग्ण म्हणून औषधोपचार घेणाऱ्या बहुसंख्यांच्या जमाखर्चात मात्र या वाढीने काही फरक पडला नाही.

हक्क आणि त्याचे मोल

21 मार्च 2023 रोजी राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचे विधेयक संमत केले. भारतातील कोणत्याही राज्याने केलेला हा या प्रकारचा पहिला कायदा. आणीबाणीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, या तरतुदीस खाजगी डॉक्टरांनी कडाडून विरोध केला. रुग्णाने पैसे दिले नाहीत तर ते कोण व केव्हा देणार, हा त्यांचा प्रश्न होता. अनेक दिवसांच्या संपानंतर 4 एप्रिल रोजी तडजोड झाली. कायदा झाला, पण त्याखालील नियम दीर्घकाळ तयार झाले नाहीत. हक्काच्या घोषणेमागे देयकाची निश्चित व्यवस्था नसेल, तर तिचा भार अखेर कोणावर पडेल याची शाश्वती राहत नाही, हा धडा या प्रसंगाने दिला.

पैसा कोठून यावा

नियोजन आयोगाने डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ गटाने 2011 मध्ये अशी शिफारस केली होती की, सार्वत्रिक आरोग्यसेवेचा मुख्य खर्च सर्वसाधारण करांतून भागवावा व उपचाराच्या वेळी रुग्णाकडून शुल्क घेऊ नये. आरोग्यावरील शासकीय खर्च 2022 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान 3 टक्के व्हावा, असेही तिने सुचविले. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो 1.84 टक्के होता. त्याच लेख्यांत एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण 39.4 टक्के दिसते. 2013-14 मध्ये ते 64.2 टक्के होते. घट मोठी आहे, पण उरलेला भागही लहान नाही.

कर म्हटला की तो श्रीमंतच देतात, असा समज असतो. मजूर आयकर भरत नाही हे खरे. परंतु साबण, चपला, पत्रे, मोबाइलचे रिचार्ज यांवरील कर तोही देतच असतो. मालकाच्या वर्गणीचेही तसेच. वेतन ठरविताना मालक ती हिशेबात धरतो आणि कालांतराने तिचा काही भाग कामगाराच्याच वेतनवाढीतून वळता होतो. किमान वेतनाच्या तळाशी असलेल्या कामगाराचे वेतन कायद्याने याहून खाली नेता येत नाही; पण तेथे मालक नोंद टाळण्याचा मार्ग धरू शकतो.

नोंदलेला कायम मालक नसलेल्यांसाठी महाराष्ट्राने फार पूर्वी एक वाट दाखविली आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांची मंडळे स्थापन झाली. माल ज्याचा, त्याने मजुरीबरोबर ठराविक आकार मंडळाकडे भरावयाचा आणि त्यातून रजा, भविष्यनिर्वाह निधी व उपचार यांची सोय करावयाची, अशी ही व्यवस्था. राजस्थानाने जुलै 2023 मध्ये फिरत्या सेवा देणाऱ्या, म्हणजे मोबाइलवरून मागविलेले जेवण व माल घरपोच करणाऱ्या आणि टॅक्सी चालविणाऱ्या श्रमिकांसाठी जो कायदा केला, त्यातही प्रत्येक व्यवहारावर कल्याणनिधीचा आकार बसविण्याची कल्पना आहे. मालक बदलत राहिला तरी कामामागे वर्गणी जमा होऊ शकते, हे या पद्धतीचे सार.

या सर्वांवरून सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या कोणत्याही प्रस्तावाची कसोटी ठरविता येते. त्याने चारही खर्चांपैकी किती खर्च उचलले आणि ते उचलताना मजुराकडून किती व कोणत्या वेळी घेतले, हे पाहावे. राजस्थानच्या प्रयत्नांनी रुग्णालयाचा व औषधाचा भार पुष्कळ अंशी हलका केला आहे. बुडालेल्या मजुरीचे दार मात्र हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठीच उघडले गेले. नाक्यावरील मजुरासाठी आजारपणाच्या भत्त्याची सोय होईपर्यंत त्याला औषध फुकट मिळेल, शस्त्रक्रियाही फुकट होईल. पण तापात तो कामावरच जाईल, आणि त्या औषधाचा व शस्त्रक्रियेचा प्रसंग स्वतःच जवळ ओढवून घेईल.