पडद्यामागचं विज्ञान, लेखांक ६ : कापड आणि आरसा

गेल्या आठवड्यात प्रोजेक्टरच्या भिंगातून झोत बाहेर पडला आणि आपली जागा संपली. आज तो पडद्यावर आदळू दे. ते पाहायला मल्टिप्लेक्सपेक्षा गल्ली बरी.

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईच्या गणेशोत्सवात ज्यांनी गल्लीतला सिनेमा पाहिला, त्यांना थाटमाट सांगायला नको. दोन बांबूंमध्ये ताणलेलं पांढरं कापड, गर्दीच्या मधोमध टेबलावर १६ मिलिमीटरचा घरघरणारा प्रोजेक्टर, रीळ बदलताना शिट्ट्या. प्रिंट जुनी असली की पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस. आणि माणसं कापडाच्या दोन्ही बाजूंना! उशिरा येणारे पलीकडे बसत. त्यांना नावांच्या पाट्या उलट्या दिसत, हीरो डावखुरा होई आणि त्याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे जाई. पण मारामारी कुठल्याही बाजूनं पाहिली तरी मारामारीच, त्यामुळे तक्रार कुणाची नसे.

पलीकडच्यांना चित्र दिसतंच कसं? सुती कापड म्हणजे धाग्यांचं जाळं, आणि प्रत्येक धाग्यात बारीक तंतू. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश दर वेळी थोडा वळतो, थोडा परततो. असं असंख्य वेळा झालं की आलेला किरण सगळ्या दिशांना विखुरतो. शाळेत आपण याला अनियमित परावर्तन म्हणून दोन मार्कांना पाठ केलं. सिनेमाचा सगळा धंदा त्या दोन मार्कांवर उभा आहे. नायिकेच्या नथीचा ठिपका पडद्यावर एकाच जागी पडतो, पण तिथून प्रकाश सगळीकडे जातो, म्हणून पहिल्या रांगेतल्या पोराला आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या आजींना ती नथ एकाच वेळी दिसते. कापडाऐवजी मोठा आरसा टांगला असता, तर ठरावीक जागी बसलेल्यांच्या डोळ्यांवर प्रोजेक्टरचा दिवा चमकला असता आणि चित्र कुणालाच दिसलं नसतं.

विखुरलेल्या प्रकाशातला काही भाग आरपार जातो. तोच पलीकडच्यांचा सिनेमा. अर्थात तेवढा अलीकडच्यांच्या वाट्यातून वजा.

आता भाद्रपद म्हटला की पाऊस आलाच. कापड भिजलं की हिशेब बदलतो. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, सुती तंतूचा साधारण १.५ च्या आसपास. तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी बसलं की दोहोंतला फरक घटतो, प्रकाश कमी विखुरतो आणि जास्त आरपार जातो. भिजलेल्या पांढऱ्या शर्टातून बनियन दिसतो तो याच कारणानं. सर येऊन गेली की पुढच्यांचं चित्र मंदावतं, मागच्यांचं उजळतं. उशिरा आल्याचं बक्षीसच म्हणा. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळात काही ठिकाणी प्रोजेक्टर पडद्यामागे ठेवत, तेव्हा पडदा मुद्दाम ओला करत.

कापडाच्या उलट टोकाची गोष्ट मुंबईतच, साकीनाक्यापासून फार लांब नाही अशा जागी घडली. अंधेरी पूर्वेच्या मोहन स्टुडिओत के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’साठी शीशमहल उभारला : १५० फूट लांब, ८० फूट रुंद, ३५ फूट उंच, बेल्जियमच्या काचेच्या बारीक आरशांनी मढवलेला. बांधायला दोन वर्षं लागली. तिथलं अनारकलीचं नाचगाणं रंगीत करायचं होतं, आणि त्या काळची रंगीत फिल्म प्रकाशाची मोठी भुकेली. दिवे वाढवावेत तर प्रत्येक आरसा एखादा दिवा थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात परत फेकणार. हे चित्रित होणं शक्य नाही, असं परदेशी जाणकारांनीही सांगितलं होतं म्हणतात. आसिफ आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी जे केलं, ते मला सगळ्या चित्रपटातलं सर्वात देखणं दृश्य वाटतं. फक्त ते पडद्यावर नाही. आरशांवर मेणाचा पातळ थर दिला आणि दिव्यांचा प्रकाश सरळ न टाकता जागोजागी लावलेल्या कापडी पट्ट्यांवरून उसळवून आत आणला.

म्हणजे आरशाला थोडं कापड केलं! मेणाच्या थरात प्रकाश विखुरतो, झगमगाटाची धार बोथट होते. आणि दिव्याच्या लहानशा प्रखर ठिपक्याऐवजी कापडाचा रुंद, मऊ उजेड वापरला की आरशात दिसतो तो उजळ पट्टा, डोळे दिपवणारा दिवा नव्हे. पण छताच्या आरशांत अनारकली असंख्य ठिकाणी नाचताना दिसते, तिथे आरशाचं आरसेपण राखावंच लागतं. एका सपाट आरशात तिची एकच प्रतिमा दिसेल. शेकडो तुकडे थोड्या थोड्या वेगळ्या कोनात बसवले, की प्रत्येक तुकडा आपापली अनारकली दाखवतो. ५ ऑगस्ट १९६० ला चित्रपट आला. बाकीचा बराचसा कृष्णधवल, आणि मध्येच हा रंगांचा स्फोट.

म्हणून साकीनाक्याच्या एखाद्या मंडळाला यंदा विज्ञानाचा सिनेमा दाखवायचा असेल, तर अंतराळयानांच्या चित्रपटांमागे धावू नका. हे गाणं लावा. जाहीर खेळ आहे, तेव्हा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी मात्र घ्या. तिथल्या खैरानी रोडवरच्या कारखान्यांतल्या पोरांना काच, पॉलिश आणि खरखरीत पत्रा यांतला फरक हाताला ठाऊक असतो, मेणाची युक्ती त्यांना अर्ध्या वाक्यात कळेल.

खेळाआधी एक करा. प्रोजेक्टर बंद ठेवून कापडाकडे नीट पाहायला सांगा. रस्त्याचे दिवे, दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे हेडलाइट. साकीनाक्याला रात्र धड काळी होत नाही, त्यामुळे कापड चांगलं करडं-पांढरं दिसेल. मग चित्र सुरू करा आणि काळ्या केसांवर बोट ठेवायला सांगा. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. केसांच्या जागी आहे ते मघाचंच करडं कापड, शेजारी उजेड आला म्हणून डोळ्यांनी त्याला काळं ठरवलं. अर्थात करड्यालाही मर्यादा असते. पाटीचा दिवा थेट पडद्यावर पडत असेल तर कुठलेही डोळे ही लबाडी निभावू शकणार नाहीत. दुकानदाराला दोन तास दिवा मालवण्याची गळ घाला. आणि चित्र मोठं दिसावं म्हणून प्रोजेक्टर दुप्पट लांब नेऊ नका. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट होतात, तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि उजळपणा एक चतुर्थांश उरतो.

पलीकडे चार खुर्च्या मुद्दाम ठेवा, आणि मध्यंतरात जागा बदलू द्या.

पुढच्या आठवड्यात दादासाहेब फाळके, कुंडीतलं वाटाण्याचं रोप आणि १९१२ सालची ‘अंकुराची वाढ’ : थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपली तर महिना मिनिटात कसा मावतो.